शंभर वर्षांखालची नावं

रेवदंड्याच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चची भिंत साफ करायचा पुरातत्त्व खात्याच्या साहेबांचा नियम अगदी सोपा होता: कोरलेलं नाव शंभर वर्षांहून जुनं असेल तर तो इतिहास, नसेल तर ती घाण. कुण्या पोर्तुगीज शिपायाने कंटाळून खरवडलेल्या ‘अंतोनियो’ला आता काच बसणार होती. त्याच्याच खालच्या नावापाशी मात्र निकेतचा ब्रश थांबला.

“हेमाली नीकेत, २०१९,” साहेबांनी वाचलं. “नी दीर्घ! शाळेचं तोंड बघितलं नव्हतं वाटतं बाईने. घास.”

“घाईत होती, साहेब. वॉचमन येत होता.”

“तुला काय माहीत?”

निकेतने नावावरची धूळ बोटाने पुसली. लग्नानंतर आठवड्याभरात हेमालीने स्कूटरच्या चावीने ते कोरलं होतं, आणि पुढच्या वर्षी वादळात वाडीतला माड अंगावर कोसळून ती गेली. घरात तिच्या हातचं एक अक्षर नव्हतं. वाण्याची यादीसुद्धा ती व्हॉट्सॲपवर पाठवायची.

“साहेब, अंतोनियोचं नाव तेव्हाच कुणी घासलं कसं नाही?”

“असेल कुणीतरी कामचुकार.”

निकेतने ब्रश बादलीत ठेवला. “मग आज माझा खाडा मांडा.”