सत्तरच्या आत

"खायचं खोबरेल पाहिजे, डोक्याचं नाही," वंदनानं तिसऱ्यांदा सांगितलं.

दुकानाच्या निळ्या कोटातली मलिहा हसली. "खायचं बी तिकडंच ठेवते ताई, शाम्पूच्या बाजूले. इकडं कोणी खातच नाही नं."

खामगावच्या त्या मोठ्या सुपरमार्केटात वंदनाचा हा सहावा आठवडा. चाळीस फळ्या, त्यातल्या तिच्या कामाच्या जेमतेम दोन. बाकी सगळीकडे पीठ, साखर, बिस्किटं, आणि धावत्या माणसाचं चित्र छापलेली पुन्हा साखरच. तिच्या यादीत गहू नाही, ज्वारी नाही, तांदूळ नाही. डाळ नाही, दूध नाही, शेंगदाणेसुद्धा नाहीत. अंडी, मटण, मासे, पालेभाजी, रताळं, बदाम. याला पॅलिओ म्हणतात, आदिमानव असंच खायचा, असं आहारवाल्या मॅडमनं समजावलं होतं. त्या आदिमानवाला अमडापूरहून एसटीत उभं राहून यावं लागत नव्हतं, हे मॅडमला कोण सांगणार?

वंदनाचे पाय भरून आले होते. शेजारी कोणी भाकरी थापायला बसलं की त्या आवाजानंच तिला रडू यायचं. पण रडून भागणार नव्हतं. नवऱ्याचं, तुळशीरामचं, लिव्हर कामातून गेलं होतं. नागपूरचे डॉक्टर तिच्या लिव्हरचा तुकडा कापून त्याला बसवणार होते. फक्त तिच्या लिव्हरवर चरबी होती. वजन सत्तरच्या आत आणा, मग बघू, म्हणाले. तेव्हा काटा अठ्ठ्याहत्तरवर होता. आज सकाळी सत्तरच्या वर चारशे ग्रॅम. आणि तिकडे खाटेवर तुळशीराम रोज थोडा थोडा पिवळा पडत चालला होता.

दुसरं कोणी नव्हतंच. सासऱ्यांचं वय झालेलं, सासूला शुगर. धाकट्या दिराचं, ऋत्विकचं, रक्त जुळलं नाही. नागपूरहून परत आल्यावर ओट्यावर बसून सासऱ्यांनी हे सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "आता तूच आहे पोरी," एवढंच म्हणाले होते.

सासरे, जानराव, आताही ट्रॉली ढकलत तिच्या मागे होते. त्यांनी बदामाचं पाकीट टाकलं.

"मामाजी, याच्यापेक्षा ते बारके स्वस्त आहेत."

"किंमत पाहू नको. तू खा."

एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला हा माणूस. चपलेचा अंगठा चारदा शिवून घेईल, पण नवी चप्पल घेणार नाही. आणि सुनेसाठी मोठे बदाम. वंदनाच्या सख्ख्या बापानंही तिला कधी मूठभर बदाम आणले नव्हते.

मसाल्याच्या फळीपाशी मलिहानं पाकीट डोळ्याजवळ धरलं. "याच्यात बी साखर आहे ताई. चिकन मसाल्यात साखर कायले टाकते, खुदा जाने."

"राहू दे. मीठमिरचीत शिजवीन."

पलीकडून गावचा रंगराव आला, तेलाचा डबा खांद्यावर. ट्रॉलीत डोकावून ओरडला, "काय जानरावदादा, सुनेले बदाम? आमची म्हातारी सुनेच्या ताटातले शेंगदाणे मोजते राजेहो!"

"ज्याचं त्याचं मन," जानराव म्हणाले.

"आन् रविवारी ऋत्विकले पाह्यले पाहुणे येऊन राह्यले म्हणे?"

"हाव. चिखलीचे आहेत. पोरगी मास्तरीण आहे."

"तुळशीरामची तब्येत?"

"कावीळ आहे. उतरून राह्यली."

वंदनानं मान खाली घातली. हे घरात ठरलेलं होतं. घरात असलं दुखणं आहे म्हटलं की पोरगी कोण देईल? तिला ते पटलंही होतं. एकाचं मरण चाललंय म्हणून दुसऱ्यानं संसार मांडायचा नाही, असं थोडंच असतं.

रंगराव गेला. जानरावांनी विचारलं, "चक्कर येते काय?"

"थोडीशी."

"सोसून घे पोरी. घर तुह्याच भरवशावर आहे."

"सोमवारी काटा सत्तरच्या आत येते मामाजी. तुम्ही काळजी करू नका."

त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुकानाच्या उजेडात, चारचौघांसमोर. सहा आठवड्यांची उपासमार तिला त्या एका हातात फिटल्यासारखी वाटली.

तेवढ्यात चिखलीच्या पाहुण्यांचा फोन आला. जानराव आवाज बदलून, हसत हसत, बोलत बाहेर गेले. वंदना बिलाच्या रांगेत उभी राहिली. पुढच्या बाईच्या ट्रॉलीत दहा किलो आटा होता. वंदनानं दुसरीकडे पाहिलं.

तिचा फोन वाजला. नागपूरच्या हॉस्पिटलातल्या, तारखा ठरवणाऱ्या मॅडम होत्या. त्या नेहमी मामाजींशीच बोलायच्या.

"काकांचा फोन सारखा बिझी लागतोय, म्हणून फॉर्मवरून तुमचा नंबर काढला. वजन किती झालं?"

"सत्तर चारशे. सोमवारपर्यंत नक्की उतरते मॅडम. तुम्ही तारीख धरूनच ठेवा."

मॅडमनी आवाज खाली आणला.

"वंदनाताई, पेशंटकडे आता फार दिवस नाहीत. डॉक्टरसाहेबांनी तुम्हाला शेवटचं विचारायला सांगितलंय. सोडा ना तो हट्ट."

"कसला हट्ट?"

"मीच देणार, दिराचं घेऊ देणार नाही, हा. काकांनी आम्हाला सांगितलंय सगळं. तुमचं प्रेम कळतं हो, पण ऋत्विकचं तर सहा आठवड्यांपूर्वीच सगळं जुळलं होतं."