तीनशे बारा फूट

टेकडीमागून इंजिनाचा आवाज आला तेव्हा डॉसनसाहेबाची माणसं बोअरमधले रॉड वर काढायला लागली होती. दोनशे फूट झाले होते आणि हाती लागली होती नुसती काळ्या दगडाची भुकटी. नियम साफ होता. एका गावाला दोनशे फूट, मग पुढचं गाव.

डॉसननं हात वर केला. सगळे थांबले. टेकडीपलीकडे धुळीचा लोट उठला होता आणि माथ्यावर काहीतरी लाल फडफडत होतं. त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली.

"रशियन?" त्यानं विचारलं.

भगवानरावांनीही टेकडीकडे पाहिलं. ते सरकारचे ज्युनिअर इंजिनिअर, अमेरिकेहून आलेल्या या बोअरच्या गाडीबरोबर नांदेडहून दुभाषी म्हणून दिलेले. काल संध्याकाळीच त्यांनी पारावर बसून गावाला पेपर वाचून दाखवला होता. नांदेडला अमेरिकेची गाडी आली, आता समतोल राहावा म्हणून नव्या लातूर जिल्ह्याला रशियाची मिळणार. लातूर जिल्हा होऊन नऊच महिने झाले होते, आणि ही टेकडी उतरली की तो सुरू होत होता. सरकारनं एखादी गोष्ट वेळेत केली, याचंच भगवानरावांना नवल वाटलं.

"चांगुणाबाई, पलीकडं काय चाललंय?"

चांगुणा ही विहिरी खोदणाऱ्या बापाची लेक. दोन दिवस तिनं एकच धोशा लावला होता. "काळ्या दगडाखाली लाल माती लागती साहेब, तिथं पाणी हाय. माझा बाप सांगून गेला. अजून शंभर फूट जावा. गाडी अशीच गेली तर आठ दिवसांत गाव उठंल." भगवानराव दर वेळी नियम सांगायचे आणि मान खाली घालायचे. ऐंशी घरांचं गाव उठताना त्यांना बघायचं नव्हतं, पण नियम त्यांच्या हातात नव्हता.

आज मात्र तिनं पाण्याचं नाव काढलं नाही.

"रशियाची मशीन आलीय," ती म्हणाली. "मजुरीला बाया घेऊन राहिलेत. अडीचशेला टेकलेत म्हणं."

भगवानरावांनी इंग्रजीत सांगितलं. डॉसनचे कान लाल झाले. रोज रेडिओला कान लावून बसणारा माणूस तो. तिकडे युरोपात रशियानं एक क्षेपणास्त्र ठेवलं की आपण दोन ठेवायची, हे त्याचं ठाम मत होतं.

"रॉड परत खाली सोडा," तो म्हणाला.

स्वतः जाऊन बघायची सोय नव्हती. दोन्ही देशांच्या माणसांना समोरासमोर येऊ देऊ नये असा दिल्लीचा लेखी हुकूम होता, आणि दुसऱ्या जिल्ह्यात पाऊल टाकायचं तर कलेक्टरची परवानगी लागायची. त्यामुळे हेरगिरीचं खातं आपोआप चांगुणाकडे आलं.

दुपारी जेवणात भाकरी नव्हती, उकडलेले हुलगे होते. "गिरणी बंद हाय," जेवण वाढणारी सरजाबाई म्हणाली. ती सकाळपासूनच घुश्शात होती, दोरीवर वाळत घातलेलं तिचं लुगडं कुणीतरी नेलं होतं. सरपंच व्यंकटी येऊन गाडीवरचा डिझेलचा एक कॅन मागून घेऊन गेला. सांजच्याला दळण झालं पाहिजे, म्हणाला.

दोनशे चाळीस. भुकटी.

चांगुणा टेकडीवरून धावत आली. "ते दोनशे ऐंशीला गेले!"

डॉसननं टोपी जमिनीवर आपटली. भगवानरावांनी आता आडवं यायला हवं होतं. पण त्यांनाही चेव चढला होता. त्यांनी रजिस्टरात 'विशेष बाब' असं लिहिलं आणि खाली ठसठशीत सही ठोकली. उभ्या नोकरीत अशी सही त्यांनी केली नव्हती.

दोनशे साठ. दोनशे ऐंशी. सगळं गाव बोअरभोवती जमलं होतं. म्हणजे जमायला हवं होतं. निम्म्याहून अधिक गाव मजुरीला पलीकडे गेलेलं दिसत होतं. गुरंसुद्धा नव्हती. देवणी गायींचा अख्खा कळप चरायला टेकडीमागं नेलाय, असं कळलं. तिकडे काडीही उगवली नव्हती, पण दुष्काळात माणूस कुठेही आशा धरतो.

तीनशेला भुकटीचा रंग बदलला. चांगुणानं पुढे होऊन मूठभर उचलली. लाल माती होती, आणि ओली. ती तिथेच खाली बसली आणि बापाचं नाव घेऊन रडायला लागली. भगवानरावांनी चष्मा पुसला, पण दोष चष्म्याचा नव्हता.

तीनशे बाराला पाणी आलं. आधी लाल, मग गढूळ, मग स्वच्छ. ताडाएवढा फवारा उडाला आणि व्यंकटीसकट सगळे त्याखाली जाऊन उभे राहिले. डॉसन भिजत भिजत हसत होता. त्यानं खिशातून सिगारेटचं नवं पाकीट काढून भगवानरावांच्या हातात कोंबलं.

"हे रशियनांना द्या. सांगा, तीनशे बारा."

टेकडीमागं इंजिनं अजून धडधडत होती. भगवानरावांना दिल्लीचा हुकूमही आठवला नाही आणि कलेक्टरही. ते निघाले.

चांगुणा डोळे पुसत आडवी आली. "उद्या जावा की साहेब. दमले असतील बिचारे."

"जिंकल्याचं आजच सांगायचं असतं, चांगुणाबाई."

ते धापा टाकत माथ्यावर पोचले. तिथं एका बांबूला सरजाबाईचं लाल लुगडं बांधलेलं होतं.

खाली गावातल्या बाया देवणी गायींचा कळप गोल गोल पळवत होत्या. त्यांच्या धुळीत कोरड्या विहिरींवरून उचलून आणलेली सहा इंजिनं एका रांगेत मांडली होती, आणि सातवं होतं गिरणीचं. गिरणीवाला मडिवाळप्पा अमेरिकन डिझेलचा कॅन त्यात रिकामा करत होता. त्यानं वर पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"पाणी लागलं का साहेब?" तो ओरडून म्हणाला. "मग रशिया बंद करू?"