सगळ्या लिंका

बेंगळूरचा सोमशेखर दर सोमवारी नव्या कंपन्यांच्या, विज्ञानाच्या बातम्यांच्या लिंका हजारो लोकांना मेल करायचा. "कुणी लिंक उघडली की मला इथं दिसतंय, अव्वा," असं एकदा फोनवर बोलून गेलेला.

तेव्हापासून त्याची आई, शिरोळची रत्नव्वा, दर सोमवारी नेट कॅफेत जायची. कॅफेवाल्यानं दुकानाच्याच ईमेल पत्त्यावर तो मेल सुरू करून दिलेला. इंग्रजीचं अक्षर कळायचं नाही, पण ती एकेक लिंक दाबायची. अव्वा बरी हाय, एवढं लेकाला दिसलं की झालं.

एका सोमवारी मेल आलाच नाही. तिनं फोन लावला. "मेलचं काम चाललंय न्हवं, बाबा?"

"जोरात. कुठला तरी एक पत्ता तेवढा काढून टाकला. न वाचताच सगळ्या लिंका दाबायचा. माणूस न्हाय, मशीन असणार."

"मशीनच असंल," रत्नव्वा म्हणाली.