मासे खाली बसेपर्यंत

परातीला चिकटलेली कणीक. अण्णांच्या दंडातली जाड सुई. दक्षिण अमेरिकेच्या ओढ्यांतले बोटभर, मिशाळ मासे. नळावरचा लाल दिवा.

"परत बंद!" इंदुमतीने तोटीवर चापट मारली. अण्णांचं, तिच्या सासऱ्यांचं, डायलिसिस मध्येच थांबलं होतं आणि यंत्राला पाणी हवं होतं. हल्ली शहरात प्रत्येक घराच्या नळाशी माशांची एक काचेची टाकी जोडलेली असे. मासे तळाशी वाळू उकरत राहिले, की पाणी शुद्ध समजून नळ चालू राही. ते सारखे वर येऊन हवा घेऊ लागले, की नळ बंद.

तिने तिसऱ्यांदा पाणीखात्याला फोन लावला.

"ताई, मासे खोटं बोलत नाहीत," पलीकडचा माणूस म्हणाला.

"अहो, समोरच्या गावितांकडे धो धो येतंय! तेच पाणी!"

"मग तुमच्याच टाकीत काहीतरी गेलं असणार. मासे खाली बसले, की नळ आपोआप सुटेल."

"आणि तोवर या माणसाला काय सांगू? दम धरा म्हणून?"

फोन कटला. आतून अण्णांचा थकलेला आवाज आला, "अगं, माशांवर नको चिडूस. मुके जीव ते."

ती टाकीपुढे उकिडवी बसली. पाणी दुधट झालं होतं. "बसा रे बाबांनो खाली," ती काचेला म्हणाली. एक मासा झपकन वर आला. त्याच्यामागून दुसरा.

सकाळी सुई टोचण्याआधी, आजचं डायलिसिस सुखरूप पार पडावं म्हणून, अण्णांनी माशांना कणकेच्या अकरा गोळ्या घातल्या होत्या.