पाटाची उंची

तिरोड्याजवळच्या एका शाळेत मी मुलांना सुतारकाम शिकवतो. पहिली वस्तू म्हणजे जेवायला बसायचा पाट, उंची पाच सेंटिमीटर. सहावीतल्या दुर्गाने पाटाचे पाय पंचवीस सेंटिमीटरचे कापले.

"हा पाट हाये का टेबल?" शेजारचा रूपेश हसला.

"दुर्गा, माप चुकलं," मी म्हणालो.

तिने खिशातून गाठ मारलेली सुतळी काढून पाटाच्या पायाला लावली. गाठ बरोबर टोकाशी आली.

"नाही चुकलं, सर. धानाची रोवणी झाल्यापासून मायचा गुडघा येवढाच वाकते. मी मोजून आणलं."

रूपेशचं हसू थांबलं.

"सुतळी दे वं मले," तो हळूच म्हणाला. "माही माय त उभ्यानंच जेवते. मले वाटे, तिले तसंच आवडते."