दोन पावलांची चोवीस चित्रं

चोविसावं चित्र पुरं झालं तसं बाबांनी पेन कॉम्प्युटरच्या काचेवर ठेवलं आणि मान कडाकडा मोडली.

"घे गं ठमे, चालायला लागली तुझी आई."

लेक ऑफिसच्या चाकांच्या खुर्चीवरून बसल्या बसल्या सरकत त्यांच्या टेबलाशी आली. तिची स्वतःची पहिली फिल्म होती ही, चार मिनिटांची, हलत्या चित्रांची, आईवरची. घर, खिडकी, आईचा चेहरा, सगळं तिने फोटोंवरून केलं होतं. घोडं अडलं ते चालण्यापाशी. आईला जाऊन सहा वर्षं झालेली. फोटोत ती कुठे बसलेली, कुठे उभी. चालतानाचा एक व्हिडिओ असेल तर शपथ. मग बाबांशिवाय जाणार कोणाकडे? चाळीस वर्षं या माणसाने कार्टून फिल्मांसाठी कागदावर दुनिया चालवली होती. लठ्ठ शिपाई, पोटुशी बाई, दारुडा, मांजर. नुसतं सांगायचा अवकाश.

आधी त्यांनी भरपूर नाकं मुरडली होती. "काचेवर कसलं चित्र काढायचं? पेन नुसतं सटकतंय. हाताला काही लागतच नाही." पण पंधरा दिवसांत गडी तयार झाला. मागचं चित्र खालून फिकट दिसत राहतं, त्यावर पुढचं काढायचं. म्हणजे खालून दिवा लावलेल्या टेबलावर करायचे तेच काम, फक्त कागद नाही. चुकलेली रेघ एका टिचकीत गायब होते हे कळल्यावर तर स्वारी बेहद्द खूश. लेकीच्या ऑफिसातली पोरं मागे उभी राहून बघायची. बाबा आपलं लक्षच नाही असं दाखवायचे आणि पुढची रेघ मुद्दाम जरा झोकात मारायचे.

लेकीने बटण दाबलं. पडद्यावर आई चालू लागली. एक पाऊल, दुसरं, पुन्हा पहिलं. कुठे धक्का नाही, कुठे अडखळणं नाही. असं काम आता फारसं कोणाला जमत नाही हे बाबांना पक्कं ठाऊक होतं. ते शाबासकीची वाट बघत बसले.

लेकीला आधी हसू आलं. मग तिने ते पुन्हा चालवून बघितलं.

"बाबा, हे तुम्ही आहात."

"काहीतरीच काय!"

"आईचे कपडे घातलेले तुम्ही. तो खांदा बघा ना."

बाबांनी चष्मा सारखा करून बघितलं. तिच्यायला, खरंच की! हालचाल आधी आरशापुढे स्वतः करून बघायची, मग काढायची, ही त्यांच्या धंद्यातली सवय. काल घरी कपाटाच्या आरशापुढे ते चार वेळा चालले होते. आरशात दुसरं कोण दिसणार? याच चुकीसाठी त्यांनी नवशिक्यांना फाडून खाल्लं होतं.

"बरं, पुन्हा काढतो," ते म्हणाले. "कशी चालायची ते सांग."

"मी सांगू?"

"तू सांग, मी काढतो. त्यात काय एवढं?"

लेकीने खुर्ची आणखी जवळ ओढली. "एक पाय किंचित ओढत चालायची. जिन्यावरून पडली नव्हती का? तो घोटा पुन्हा कधी नीट झालाच नाही. शेवटपर्यंत तशीच चालली ती."

"बरा झाला म्हणाली होती मला."

"तुम्ही चित्रातून मान वर न काढता विचारलंत, बाबा. ती तरी काय सांगणार?"

"तेव्हा कामच तसं होतं गं. ते घोड्याचं..."

"माहितीये. लंगडा घोडा." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाबांना जास्त लागलं. "पंधरा दिवस रोज सकाळी तबेल्यात जाऊन बसायचात. तो कसा चालतो ते बघायला. आई डबा भरून द्यायची."

बाबांना मान वर करवेना. आयुष्यभर लोकांच्या चाली बघत हिंडलो, आणि घरात जी दिवसभर समोरून ये-जा करत होती, तिच्याकडे एकदा धड बघितलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी चोवीसच्या चोवीस चित्रं पुसून टाकली आणि पेन पुन्हा हातात घेतलं. काच पांढरीफटक झाली. बराच वेळ पेन नुसतंच काचेवर अधांतरी राहिलं.

"कुठला पाय गं?" शेवटी त्यांनी हळूच विचारलं.

लेकीने उलट विचारलं, "आणि घोड्याचा?"

"मागचा डावा," बाबा म्हणाले. त्यांना आठवावंसुद्धा लागलं नाही.