बाभळीवरचं गाठोडं

बाभळीची फांदी रिकामी होती.

नुवैरा थबकली, तशा मागून येणाऱ्या पाचही बायका थबकल्या. लाल कातळाची ही घळ इथे जराशी पसरते, तेवढ्यात एक बाभूळ तग धरून आहे. पुढे वाट मोठा वळसा घालून पुन्हा खाली, मोटार उभी केली होती तिथेच उतरते.

"इथे गाठोडं होतं. काळ्या गोणपाटाचं," नुवैरा म्हणाली. "कुठे गेलं?"

"ते होय!" दालिया सावलीतून उठली. कैरोहून आलेल्या सहाजणींची ती म्होरकी. सकाळपासून वाट दाखवणाऱ्या नुवैराच्याही पुढे चालत होती. "मीच काढलं. काय घाण टांगून ठेवतात गं लोक! गाठ सुटेना, मग दोरीच कापली." तिने कचऱ्याची फुगलेली निळी पिशवी कौतुकाने थोपटली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीने फोटोही काढला.

"बाहेर काढ ते."

"अगं, पण..."

"आधी बाहेर काढ."

बाटल्यांबरोबर, बिस्किटांच्या पुड्यांबरोबर एकेक वस्तू वाळूवर आली. बकरीच्या केसांचं विणलेलं तंबूचं कापड. एक गोधडी. काजळी धरलेली किटली, चारपाच पेले. अर्धवट विणलेला पट्टा, त्याची लोकर अजून काडीला गुंडाळलेली.

"हा कचरा नाही," नुवैरा म्हणाली. "माझ्या सलहाआत्याचं घर आहे हे. उन्हाळ्यात बकऱ्या घेऊन ती वर जाते, तेव्हा जड सामान इथे टांगते. थंडीत उतरली की काढते."

"असं उघड्यावर? आणि कोणी नेलं म्हणजे?"

"कोण नेणार?" नुवैराला प्रश्नच कळला नाही. पलीकडच्या घराण्याशी नुवैराच्या घरच्यांचं नऊ वर्षांचं खुनाचं वैर. त्या घराण्यातले पुरुषसुद्धा या झाडाखालून जाताना मान वाकवून जात. गाठोड्याला डोकं लागायला नको म्हणून.

"मला काय स्वप्न पडलं होतं?" दालिया फुरंगटली. "एक पाटी तरी लावायची."

"पाटी?" नुवैराचा आवाज घळीत दुप्पट होऊन परत आला. "तुझ्या कैरोतल्या दारावर आहे का पाटी, 'आत शिरून माझी भांडी उकिरड्यावर टाकू नका' अशी? आणि ज्याच्यासाठी चाकू काढावा लागला, ती गाठ कोणीतरी मारली असेल, एवढंही सुचलं नाही तुला?"

एकीने हळूच तो फोटो पुसून टाकला.

गेल्या वर्षी साऱ्या आत्या-मावश्यांसमोर नुवैराच तावातावाने बोलली होती. मोठ्या घळीत रोज बसगाड्या भरून पर्यटक येतात, इथे तसं होणार नाही. फक्त बायका येतील, मोजक्या, माझ्याबरोबर. लेकीबाळींसारख्या येतील, लेकीबाळींसारख्या जातील. सगळ्याजणी नको नको म्हणत होत्या. सलहाआत्याने तेवढं विचारलं होतं, "शब्द तुझा ना? मग येऊ देत."

वरून बकऱ्यांच्या घंटा वाजल्या. पाठोपाठ सलहाआत्या स्वतःच पाण्यासाठी खाली उतरली. वाळूवर मांडलेला आपला संसार तिने पाहिला. कापलेली दोरी पाहिली. मग पाहुण्यांना सलाम केला, प्रत्येकीची, प्रत्येकीच्या आईची खुशाली विचारली. "उन्हात फार चालवलं नाही ना हिने?" म्हणत काटक्या गोळा केल्या आणि त्याच किटलीत चहा ठेवला. पहिला पेला दालियाला दिला.

"किती गोड आहेत गं या!" दालिया नुवैराच्या कानाशी पुटपुटली. नुवैराला तिच्या मुस्कटात द्यावीशी वाटली.

सगळ्यांचा एकेक पेला झाल्यावर आत्याने दोरीचं टोक उचललं.

"हे कोणी केलं?"

"या माझ्या पाहुण्या आहेत, आत्या."

"ते दिसतंय. मी दोरीचं विचारते आहे."

"मी कापली," नुवैरा म्हणाली.

"अहो नाही, ती मी..." दालिया अर्धी उठली.

"खाली बस," नुवैरा म्हणाली. "चहा पी." ती असं काही म्हणाली, की दालियाने रिकामाच पेला तोंडाला लावला. पाहुण्याचा गुन्हा यजमानाच्या माथी, हे त्या डोंगरात पोराटोरांनाही ठाऊक असतं. कैरोवालीला आता कोण शिकवत बसणार!

आत्या नुवैराकडे बघत राहिली. रागावली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिने पेले विसळले, कापडाची, गोधडीची घडी घातली, गोणपाट आवळला. नुवैराने घाईघाईने आपल्या पिशवीतली नवी कोरी दोरी काढून दिली. आत्याने ती घेतली, गाठोड्याला दोन फेरे दिले, दातांनी ओढून गाठ मारली. गाठोडं टांगायला नुवैराने फांदी खाली ओढून धरली होती.

आत्याने फांदीकडे पाहिलंही नाही; गाठोडं खांद्यावर टाकलं आणि ती चढाला लागली.

"चला, एकही वस्तू हरवली नाही!" दालियाने मोकळा श्वास सोडला. "झालं की सगळं नीट."

नुवैराने फांदी सोडली आणि ती दगडांवरून धावत सुटली. सत्तरीची बाई, ती उभी चढण आणि एवढं ओझं. अर्ध्या चढावर तिने आत्याला गाठलं.

"दे, आत्या. वरपर्यंत मी नेते."

तिने हात पुढे केला. सलहाआत्याने गाठोडं पलीकडच्या खांद्यावर घेतलं आणि ती चढत राहिली.